ट्रेलर ओढायला मोठी गाडी घेताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही कोलोराडोत, डेन्व्हरला लागून असलेल्या अरोरामध्ये राहतो. नवरा, मी, दोन मुलं आणि उन्हाळ्यात साताऱ्याहून येणारे सासू-सासरे. ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं छोटं घर) घेतला तेव्हा तो आमच्या तीन रांगांच्या एसयूव्हीला जोडला आणि दोन उन्हाळे तसेच काढले. तिसऱ्या वर्षी पिकअप घेतली. मंडळाच्या सहलीत कुणी ना कुणी मला बाजूला घेऊन तेच प्रश्न विचारतं, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. वजनं पौंडात दिली आहेत, कारण इथल्या स्टिकरवर आणि वजनकाट्यावर पौंडच दिसतात.

आमची एसयूव्ही ५,००० पौंड ओढते. ट्रेलर ४,६०० पौंडांचा आहे. मग मोठी गाडी कशाला?

विक्रेत्याने आम्हालाही हेच गणित मांडून दाखवलं होतं आणि आम्ही मान डोलावली होती. यातला ४,६०० हा आकडा रिकाम्या ट्रेलरचा असतो. त्यात पाणी नाही, बहुतेक वेळा बॅटरी नाही, अंथरूण-पांघरूण नाही, भांडी नाहीत, खुर्च्या नाहीत. एक गॅलन पाणी ८.३ पौंड भरतं, म्हणजे ४० गॅलनची टाकी भरली की तिथेच ३३० पौंड वाढले. त्यात आपली स्वयंपाकघरं. प्रेशर कुकर, मिक्सर, तांदळाची पिशवी, कणकेची पिशवी, सासूबाईंनी विमानातून आणलेला बिडाचा तवा. मी एकदा घरच्या वजनकाट्यावर एकेक डबा ठेवून पाहिला, तर नुसतं स्वयंपाकाचं सामान १९० पौंड निघालं.

आमचा ४,६०० चा ट्रेलर सहलीला निघताना ५,६४० भरतो. त्यामुळे ट्रेलरचं कोरडं वजन विसरून जा. त्याच्या स्टिकरवर जीव्हीडब्ल्यूआर लिहिलेलं असतं, म्हणजे सगळं भरून जास्तीत जास्त किती वजन चालेल तो आकडा. हिशोबाला तोच धरायचा. आमच्या ट्रेलरचा तो ६,००० आहे. ५,००० वाल्या गाडीला तो जोडायलाच नको होता.

पेलोड पेलोड म्हणतात ते काय? आणि ते कुठे लिहिलेलं असतं?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर टायरच्या हवेची माहिती देणारा पिवळी पट्टी असलेला स्टिकर असतो. त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांपेक्षा जास्त होता कामा नये. हे पेलोड, म्हणजे गाडीने अंगावर घ्यायचा भार. ट्रेलर जोडला की त्याच्या दांडीचा गाडीवर पडणारा भारही यातूनच वजा होतो. लोक हे विसरतात. ट्रेलर मागे चाकांवर चालतोय, त्याचं ओझं गाडीवर कुठे येतं, असं वाटतं. येतं, आणि चांगलं घसघशीत येतं.

आमच्या एसयूव्हीच्या स्टिकरवर १,३८० पौंड होते. आता बेरीज करा. आम्ही सहा जण मिळून ७६०. डिकीतलं सामान १५०. जोडणीच्या लोखंडाचं, म्हणजे हिचचं वजन ८०. आणि ट्रेलरच्या दांडीचा भार ७२०. झाले १,७१०. तेव्हा आम्ही ३३० पौंडांनी वर होतो आणि दोन वर्षं आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. गाडीचं बूड खाली बसलेलं दिसायचं. भार आहे, बसणारच, असं आम्ही एकमेकांना सांगायचो.

ओढायची ताकद संपण्याच्या कितीतरी आधी पेलायची ताकद संपते. मोठी गाडी घ्यायची ती मुख्यतः यासाठी.

दांडीवरचा भार किती असावा? कमी केला तर पेलोड वाचेल ना?

वाचेल, आणि ट्रेलर रस्त्यावर नाचायला लागेल.

याला इथे टंग वेट म्हणतात. ट्रॅव्हल ट्रेलरचा टंग वेट एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असायला हवा. आमचा पावणेतेरा टक्क्यांच्या आसपास येतो. हे मला सगळ्यात चांगलं कळलं ते सासऱ्यांमुळे.

दुसऱ्या उन्हाळ्यात आम्ही यलोस्टोनला निघालो होतो. मुलांच्या आणि आमच्या अशा चार सायकली ट्रेलरच्या मागच्या बंपरवर रॅक लावून टांगल्या होत्या. पाण्याची टाकी मागच्या बाजूला होती आणि ती मी घरूनच गच्च भरून घेतली होती. वायोमिंगमध्ये लॅरमीच्या पुढे, एल्क माउंटनच्या आसपास आय-८० महामार्गावर वारा कायम असतो. एक मोठा ट्रक शेजारून पुढे गेला आणि ट्रेलर डावीकडे, मग उजवीकडे, मग जास्त डावीकडे असा झुलायला लागला. स्टिअरिंग हातात होतं, पण गाडी ऐकत नव्हती. वेग उतरल्यावर झुलणं थांबलं. मी गाडी कडेला घेतली तेव्हा माझे हात थरथरत होते.

बाबा उतरले, ट्रेलरभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "सूनबाई, गाडी उलाळ झालीय गं."

बैलगाडीत मागे जास्त भरलं की जू वर उचललं जातं आणि बैलांच्या मानेवर भार राहत नाही, ती उलाळ. इथे बैलांच्या जागी आमची एसयूव्ही होती. दांडी हलकी झाली की ट्रेलरचं बूड वाऱ्याबरोबर फिरतं आणि पुढच्या गाडीलाच फिरवतं. आम्ही तिथेच निम्मं पाणी सोडून दिलं, दोन सायकली ट्रेलरच्या आत पुढच्या बाजूला आडव्या घातल्या आणि पुढे गेलो. फरक लगेच जाणवला.

तेव्हा दांडीवरचा भार कमी करून पेलोड वाचवायला जाऊ नका. तेवढा भार पेलेल अशी गाडी घ्या.

मग ब्रोशरमध्ये ११,००० पौंड ओढते असं छापतात ते खोटं असतं का?

खोटं नसतं. त्या चाचणीत बसलेली माणसं मात्र तुमच्या घरची नसतात.

गाडीची ओढायची क्षमता कशी मोजायची हे ठरवणारं, एसएई या अभियंत्यांच्या संस्थेचं जे२८०७ नावाचं एक प्रमाण आहे. पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या मनाने आकडा ठरवायची. टोयोटाने २०११ च्या मॉडेलांपासून हे प्रमाण आधी स्वीकारलं, बाकीच्या कंपन्या पुढच्या काही वर्षांत आल्या. त्यातली चढाची परीक्षा खरोखर कठीण आहे. ॲरिझोनात डेव्हिस डॅमपासून वर जाणारा राज्य मार्ग ६८ आहे, सुमारे साडेअकरा मैलांचा सलग चढ. हवा निदान १०० अंश फॅरेनहाइट, एसी पूर्ण जोरात, आणि मागे ट्रेलर असताना साध्या पिकअपचा वेग ४० मैलांखाली जाता कामा नये.

पण या हिशोबात गाडीत दोघंच असतात, प्रत्येकी १५० पौंडांचे. आजी-आजोबा नाहीत, मुलं नाहीत, मागे भरलेलं सामान नाही. शिवाय ११,००० चा आकडा त्या मॉडेलच्या सगळ्यात मोजक्या, विशिष्ट इंजिन आणि ॲक्सल असलेल्या गाडीचा असतो. शोरूमच्या दारात उभी असलेली चकाकती गाडी बहुधा ती नसते.

हॉर्सपॉवर किती हवी? इंजिन टर्बो घ्यावं का?

तुम्ही कुठे राहता त्यावर आहे. सपाट टेक्सासात किंवा फ्लोरिडात राहत असाल तर आजच्या कुठल्याही पिकअपचं इंजिन पुरतं.

आमच्याकडे गोष्ट वेगळी. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फूट उंचीला सुमारे ३ टक्के ताकद गमावतं, कारण हवाच विरळ. डेन्व्हर ५,२८० फुटांवर. तिथून पश्चिमेला आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्या वर. म्हणजे बोगद्याच्या तोंडाशी पोचेपर्यंत इंजिनाची तिसरा हिस्सा ताकद गेलेली असते, आणि तिथेच चढ सगळ्यात जास्त. आमची एसयूव्ही तिथे ३५ मैलांनी, धोक्याचे दिवे लावून, सगळ्यात उजव्या लेनमधून मालट्रकांच्या मागे रांगायची. आत सगळे गप्प बसलेले असायचे. टर्बो इंजिन बाहेरची विरळ हवा दाबून आत घेतं, त्यामुळे त्याला उंचीचा त्रास बराच कमी. फोर्ड एफ-१५० चं ३.५ लिटर इकोबूस्ट किंवा टोयोटा टुंड्राचं टर्बो व्ही-६ डोंगराळ भागात लोक घेतात ते यासाठी.

हॉर्सपॉवर आणि टॉर्क (चाक फिरवायचा जोर) यांच्या वादात पडू नका. ॲक्सलचं गुणोत्तर मात्र विचारा, म्हणजे चाक एकदा फिरायला इंजिनाकडून येणारा दांडा किती वेळा फिरतो तो आकडा. ३.३१ पेक्षा ३.५५, आणि त्याहून ३.७३ ओढायला सोपं जातं. मोकळ्या रस्त्यावर पेट्रोल थोडं जास्त लागतं.

चढ चढला म्हणजे जिंकलं ना?

चढाची काळजी सगळे करतात. खरी परीक्षा उताराची.

बोगद्यातून पश्चिमेला बाहेर पडलं की सिल्व्हरथॉर्नपर्यंत मैलोन्‌मैल ६-७ टक्क्यांचा उतार आहे. ब्रेक गेलेल्या मालट्रकांना घुसता यावं म्हणून रस्त्याकडेला खडीचे चढ बांधून ठेवले आहेत, त्यावरून काय ते समजा. एसयूव्हीच्या पहिल्या फेरीत मी सगळा उतार ब्रेकवर पाय ठेवून उतरले. खाली पेट्रोल पंपावर थांबले तर पुढच्या चाकांतून धूर येत होता. जळकट वास आठवडाभर नाकातून गेला नाही. चूक माझी होती.

बाबांनी एसटीत ड्रायव्हर म्हणून पूर्ण नोकरी केली. खंबाटकीचा घाट त्यांनी किती वेळा केला याची मोजदाद नाही. त्यांनी एवढंच सांगितलं, "ज्या गिअरात घाट चढलीस, त्याच गिअरात उतरायचं." इथल्या ऑटोमॅटिक गाडीतही हेच लागू आहे. पिकअपमध्ये टो/हॉल नावाचं बटण असतं. ते दाबलं की गिअर लवकर बदलत नाही, आणि उतारावर ब्रेकला एकदा स्पर्श केला की गाडी आपणहून खालच्या गिअरात जाऊन इंजिनाने वेग धरून ठेवते. उतार सुरू व्हायच्या आधीच वेग कमी करायचा, खालचा गिअर घ्यायचा, आणि वेग वाढला तर थोडा वेळ ठाम ब्रेक दाबून सोडून द्यायचा. सतत घासत ठेवायचा नाही.

आता त्याच उतारावर बाबा मागे डोळे मिटून बसतात. माझ्या ड्रायव्हिंगला मिळालेलं हे सगळ्यात मोठं प्रमाणपत्र आहे.

हाफ-टन पुरेल की थ्री-क्वार्टर टन घ्यावी?

आधी नावांचा घोळ. हाफ-टन म्हणजे एफ-१५०, रॅम १५००, सिल्व्हराडो १५००, टुंड्रा. थ्री-क्वार्टर म्हणजे एफ-२५०, रॅम २५००, सिल्व्हराडो २५००. हे अर्धा-पाऊण टन जुन्या काळापासून चालत आलंय, आजच्या वजनांशी त्याचा संबंध नाही.

माझं मत असं आहे की चौघांचं कुटुंब आणि भरून ६,५०० पौंडांपर्यंतचा ट्रेलर असेल तर नीट निवडलेली हाफ-टन पुरते. ७,५०० च्या पुढे गेलात तर थ्री-क्वार्टरच घ्या. मधल्या भागात दाराचा स्टिकर वाचून ठरवा.

"नीट निवडलेली" यात सगळं आलं. एकाच आवारात, एकाच मॉडेलच्या दोन गाड्या आम्ही पाहिल्या. एक वरच्या श्रेणीची, चामड्याच्या सीट, छताला मोठी काच, दार उघडलं की बाहेर येणारी विजेची पायरी. तिच्या स्टिकरवर पेलोड १,४२० पौंड. शेजारी साधी, कापडी सीटची, तिच्यावर १,९२०. इंजिन तेच. काच, मोटारी आणि गाद्या यांचं वजन पेलोडमधूनच कापलेलं असतं. नवऱ्याचा जीव काचेत अडकला होता. मी दोन्ही दारांच्या स्टिकरचे फोटो काढले आणि घरी येऊन बेरीज समोर ठेवली. १,७१० लागतात म्हटल्यावर वाद मिटला. साध्या गाडीत पुढची सीट सलग असल्याने सहा जण बसतात. वरच्या श्रेणीत मध्ये कन्सोल, म्हणून पाचच. सासू-सासरे येणार असतील तर हे आधी बघा.

डिझेल घ्यावं का?

८,००० पौंडांच्या वरचा ट्रेलर आणि वर्षातून अनेक डोंगरी सहली असतील तर जरूर. डिझेलचा एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग धरून ठेवणारा) उतारावर फार मोठा आधार आहे. बाकीच्यांना हजारो डॉलर जास्त मोजून, डीईएफ (धूर स्वच्छ करणारं द्रव) भरत, महागडी देखभाल करत बसण्यात अर्थ नाही.

एक गोष्ट अनेकांना चकवते. डिझेल इंजिन जड असतं. बऱ्याच थ्री-क्वार्टर गाड्यांचं भरून चालणारं कमाल वजन (जीव्हीडब्ल्यूआर) नोंदणीच्या सोयीसाठी १०,००० पौंडांवर थांबवलेलं असतं. त्यामुळे डिझेल, चार दारं, फोर-व्हील-ड्राइव्ह आणि वरची श्रेणी एकत्र आली की पेलोड २,००० च्या खाली घसरू शकतो, म्हणजे चांगल्या हाफ-टनाइतकाच. इथेही दार उघडून बघा.

इलेक्ट्रिक पिकअप?

ओढायला उत्तम, टॉर्क जागच्या जागी मिळतो, उतारावर बॅटरी थोडी परत भरते. पण ट्रेलर जोडला की पल्ला साधारण निम्मा होतो, आणि बहुतेक चार्जिंगच्या जागांवर ट्रेलर सोडूनच आत शिरता येतं. म्हातारी माणसं आणि मुलं बरोबर असताना मला ते जमलं नसतं. शंभर मैलांच्या आत कॅम्पिंग करणाऱ्यांनी विचार करायला हरकत नाही.

आहे त्या गाडीला मागे स्प्रिंगला जोड देणारे हवेचे फुगे (एअरबॅग) किंवा जादा स्प्रिंग लावले तर?

गाडीचं बूड वर येईल. पेलोड एक पौंडही वाढणार नाही. ॲक्सल, चाकं, ब्रेक, चौकट सगळं तेच राहतं, फक्त ओझं डोळ्यांना दिसेनासं होतं. हे वाचून वाईट वाटेल, पण यावर पैसे घालू नका.

पिकअप घेतली. आता थेट जोडून निघायचं?

थांबा. हिचच्या चौकोनी नळीवरचा स्टिकर वाचा. त्यावर दोन ओळी असतात, नुसता भार पेलण्याची मर्यादा आणि भार विभागणाऱ्या हिचसह मर्यादा. बऱ्याच हाफ-टन गाड्यांत पहिली ५,००० पौंड आणि दांडीवर ५०० इतकीच असते. म्हणजे आमच्यासारख्या ट्रेलरला वेट डिस्ट्रिब्यूशन हिच लागतंच. त्यात दोन जाड पोलादी पट्ट्या ताण देऊन दांडीवरचा थोडा भार पुढच्या चाकांवर आणि थोडा ट्रेलरच्या चाकांवर ढकलतात.

मग कॅट स्केलवर जा. मोठ्या ट्रक स्टॉपवर मालट्रकांसाठी असलेला हा वजनकाटा कुणालाही वापरता येतो. पहिल्यांदा मला संकोच वाटला होता. पुढे-मागे अठरा चाकी ट्रक आणि मध्ये आमची वरात. पण कुणी काही म्हणत नाही. खांबावरचं बटण दाबायचं, स्वतःच्या गाडीसाठी वजन हवंय असं सांगायचं, आत जाऊन पावती घ्यायची. पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलर, तीन आकडे वेगवेगळे मिळतात.

तीनदा वजन करा, माणसं गाडीत बसवून. आमच्या पावत्या अजून डॅशबोर्डच्या कप्प्यात आहेत. नुसती पिकअप: पुढे ३,१२०, मागे २,५६०. ट्रेलर जोडून, पट्ट्या न लावता: पुढे २,८२०, मागे ३,५८०, ट्रेलर ४,९२०. पट्ट्या लावून: पुढे ३,०४०, मागे ३,२२०, ट्रेलर ५,०६०.

आता वाचा. पट्ट्या न लावता पिकअपवर ६,४०० पडले, नुसती ५,६८० होती, म्हणजे दांडीचा भार ७२०. शिवाय पुढच्या चाकांवरून ३०० पौंड उचलले गेले होते. स्टिअरिंग आणि ब्रेकचं मुख्य काम ज्या चाकांचं, तीच हलकी झालेली. पट्ट्यांनी त्यातले २२० परत आणले. स्टिअरिंग हातात धरताच हे कळतं.

ब्रेक कंट्रोलर कसा लावायचा? आणि ट्रेलर झुलायला लागला तर काय करायचं?

ट्रेलरला स्वतःचे विजेचे ब्रेक असतात, ते गाडीतून चालवणारं यंत्र म्हणजे ब्रेक कंट्रोलर. कारखान्यातूनच बसवून आलेला मिळाला तर तोच घ्या. मोकळ्या, कोरड्या रस्त्यावर २०-२५ मैलांनी जा, फक्त कंट्रोलरची हाताची कळ दाबा. ट्रेलरची चाकं अडकतील इतकी ताकद आली की त्याहून थोडी खाली आणा. वजन बदललं की पुन्हा जुळवा.

झुलायला लागला तर पायाचा ब्रेक दाबू नका, वेगही वाढवू नका, स्टिअरिंग उलटसुलट फिरवू नका. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा आणि हाताची कळ दाबा, म्हणजे फक्त ट्रेलरचे ब्रेक लागून तो मागून ताणला जातो आणि सरळ होतो. घरातून निघायच्या आधी डोळे मिटून हात त्या कळीवर नेऊन बघा. वायोमिंगमध्ये मला ती सापडली नव्हती.

साखळ्या दांडीखाली एकमेकींवर फुली करून जोडायच्या. तुटलं तर ब्रेक लावणारी बारीक तार असते, ती साखळीला नाही तर गाडीलाच वेगळी अडकवायची.

टायर?

पिकअपला साध्या प्रवासी टायरऐवजी एलटी (लाइट ट्रक) टायर घेतले तर टायरच्या बाजू कमी हलतात. ट्रेलरच्या बऱ्याच एसटी (खास ट्रेलरसाठीच्या) टायरची वेगमर्यादा ६५ मैल असते. टायरवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे बघा. २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. टायरची नक्षी कितीही चांगली दिसली तरी पाच-सहा वर्षांनी बदला.

पेट्रोल किती खाते?

ट्रेलरसह गॅलनला ९ ते १० मैल. वारा समोरून असेल तर ८. एसयूव्हीही साडेआठच द्यायची, त्यामुळे आम्हाला धक्का बसला नाही. मागे आठ फूट रुंद भिंत ओढत असतो आपण, वजनापेक्षा वारा जास्त खातो. ६२ मैलांनी चालवा, फरक दिसेल. मोठ्या टाकीचा पर्याय असेल तर घ्या.

वेगळं लायसन्स लागतं का? विमा?

बहुतेक राज्यांत या आकाराला लागत नाही. कॅलिफोर्नियातल्या मंडळींनी दोन गोष्टी लक्षात ठेवा. ट्रेलर ओढताना वेगमर्यादा ५५ मैल आहे, आणि १०,००० पौंडांच्या वर जीव्हीडब्ल्यूआर असलेल्या ट्रॅव्हल ट्रेलरला वेगळं, खाजगी वापराचं अ वर्गाचं लायसन्स लागतं. विम्याबद्दल आपल्या कंपनीकडून लेखी घ्या. ट्रेलरने दुसऱ्याचं केलेलं नुकसान बहुधा गाडीच्या विम्यात येतं, ट्रेलरचं स्वतःचं येत नाही.

ही गाडी रोज ऑफिसला नेता येईल?

हाफ-टन आरामात. लांबी मात्र मोजा. चार दारांची पिकअप १९-२० फूट असते. आम्ही टेप घेऊन गॅरेज मोजलं, शेल्फ काढलं, तेव्हा चार इंच उरले. एचओएचे (वसाहतीच्या घरमालक संघाचे) नियमही आधी वाचा, बऱ्याच ठिकाणी ट्रेलर दारात ठेवू देत नाहीत.

गाडी बदलण्यापेक्षा छोटाच ट्रेलर घेतला तर?

दोघंच असाल तर हेच करा, मी मनापासून सांगते. ३,००० पौंडांचा ट्रेलर बऱ्याच एसयूव्ही हसत ओढतात, आणि नव्या पिकअपच्या पैशांत कित्येक वर्षं फिरता येईल. आम्हाला सहा जणांना झोपायला जागा हवी होती. आणि सासूबाईंना पहाटे उठून आत चहा टाकता यायला हवा होता, बाहेर थंडीत नाही.

पुढच्या महिन्यात आई-बाबा येताहेत, सहल ठरली आहे, आणि हे वाचून आमची गाडी कमी पडतेय हे कळलं. आता?

घाईत पिकअप घेऊ नका, घाईत स्टिकर वाचले जात नाहीत. भाड्याच्या गाडीला ट्रेलर जोडायचा बेत असेल तर करार वाचा, बहुतेक ठिकाणी मनाई असते. त्यापेक्षा भाड्याचा ट्रेलर थेट कॅम्पग्राउंडवर आणून लावून देणारे लोक बऱ्याच भागांत मिळतात. ते आपल्या पिकअपने आणतात, पाणी-वीज जोडून देतात आणि परत घेऊन जातात. तुम्ही आपल्या गाडीत सगळ्यांना बसवून मोकळे या. बुकिंग करताना ट्रेलरच्या पायऱ्या किती उंच आहेत ते विचारून घ्या, आईंच्या गुडघ्यांसाठी एक जादा पायरी बरोबर ठेवा, आणि रात्री हीटर चालतो का ते दिवसा उजेडीच तपासा.